साक्षीदारालाच शिक्षा

पावसाळा सरता सरता पौडजवळ जुन्या एसयूव्ही बाळगणारे आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. पोहे झाले, चहा झाला आणि पुण्यातल्या एका नावाजलेल्या गॅरेजचे मालक बोलायला उभे राहिले. तीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: पेट्रोल एसयूव्ही दहा-बारा वर्षांची झाली की चेक इंजिनची लाइट लागणारच. स्कॅनर लावला की पी ०१७१ दिसतो, म्हणजे मिश्रण लीन. पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदला, कोड उडवा, लाइट जाते. परत आलीच तर हा इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रताप समजा, त्याला इलाज नाही, गाडी विकून मोकळे व्हा. एकेक पाइप तपासत बसणं ही हौस झाली, धंदा नव्हे.

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला तिथे पाच मिनिटं मिळाली, ती पुरली नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज अशाच गॅरेजांत कामाला आहेत. त्यांच्या कानावर रोज हेच पडणार असेल तर मला गप्प बसवत नाही.

पी ०१७१ हा कोड कुठेही ‘सेन्सर बिघडला’ असं म्हणत नाही. पुढच्या सेन्सरच्या बिघाडाचे कोड वेगळे आहेत, पी ०१३० पासून त्यांची मालिका सुरू होते. पी ०१७१ एवढंच सांगतो की इंजिनाच्या पहिल्या बाजूला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, पेट्रोल वाढवून वाढवून आता हात टेकले आहेत. चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या इंजिनाला एकच बाजू. व्ही-६ ला दोन, म्हणून तिथे दुसऱ्या बाजूचा पी ०१७४ असतो.

हे ईसीयूला कळतं कुणाकडून? त्याच सेन्सरकडून. एक्झॉस्टमध्ये बसून तो जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला ते पाहतो. जास्त उरला तर त्याचा व्होल्टेज ०.१ च्या आसपास घसरतो, कमी उरला तर ०.९ कडे चढतो. एक किलो निव्वळ पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्या प्रमाणाच्या खाली-वर ईसीयू सेकंदासेकंदाला पेट्रोल कमीजास्त करत राहतो. ही तात्पुरती दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती रोजचीच झाली की ईसीयू ती लक्षात ठेवतो, ती लॉन्ग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज निरोगी गाडीत शून्याच्या आसपास खेळते. बहुतेक गाड्यांत ती अधिक वीस-पंचवीसच्या पुढे जाऊन तिथेच टिकली की लाइट लागते.

म्हणजे सेन्सर इथे साक्षीदार आहे. त्याने पाहिलं ते सांगितलं, आणि आपण त्यालाच उचलून भंगारात टाकतो.

सेन्सर कधीच खोटं बोलत नाही असं माझं म्हणणं नाही. जुना झाला की तो मंद होतो, काजळीने किंवा चुकीच्या सिलिकॉनच्या वाफेने आंधळा होतो. एक्झॉस्टचं पॅकिंग त्याच्या आधी गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढून तो फसतो. सिलिंडर मिस करत असेल तर न जळलेल्या हवेतला प्राणवायू पाहूनही तो लीनच म्हणतो. पण त्याची परीक्षा घ्यायला दोन मिनिटं लागतात. इंजिन गरम असताना हवेच्या वाटेत थोडा गॅस सोडा. व्होल्टेज झटक्यात ०.८-०.९ ला गेला आणि गॅस बंद करताच खाली आला, तर सेन्सर जागा आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तिथे व्होल्टऐवजी ट्रिमवर नजर ठेवायची, एवढाच फरक. ही परीक्षा न घेता हजारोंचा पार्ट बदलायला सांगणं याला मी सल्ला म्हणू शकत नाही.

आता हवेकडे येऊ. आपल्याकडे एसयूव्ही म्हटली की डिझेल, असंच पिढ्यान् पिढ्या चालत आलं. त्यामुळे आपल्या मिस्त्रींचा हात डिझेलवर बसलेला आहे, आणि डिझेलवाल्याला ‘व्हॅक्यूम’ म्हटलं की अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप आठवतो. तिथला पाइप फाटला तर ब्रेक जड होतो, टर्बोचा ॲक्चुएटर हलत नाही, पण मिश्रणाचं काही बिघडत नाही. पेट्रोलचं तसं नाही. थ्रॉटल मिटलेला असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये आयडलिंगला बाहेरच्या दाबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा दाब असतो. कुठेही केसाएवढी फट मिळाली की तिथून हवा आत घुसते. ज्या गाडीत एअर फिल्टरपाशी मास एअर फ्लो सेन्सर आहे, तिथे ही हवा मोजणीच्या पलीकडून येते. ईसीयूच्या वहीत तिची नोंद नसते, आणि पेट्रोल वहीतल्या हवेपुरतंच पडतं.

ज्या गाड्या हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डचा दाब पाहून हिशेब करतात, त्यांत अशीच फट पडली तर दाब वाढलेला दिसतो, ईसीयू त्या बेताने पेट्रोलही वाढवतो, आणि लीन कोड येण्याऐवजी आयडलिंगच चढलेलं राहतं. एकच चीर, पण दोन गाड्यांत दोन वेगळी लक्षणं. ‘पी ०१७१ म्हणजे अमुक पार्ट’ असं पाठांतर करणाऱ्याला हे कधी कळायचं?

माझ्या स्वतःच्या गाडीचंच सांगतो. २०११ ची पेट्रोल एसयूव्ही, चार सिलिंडर, मास एअर फ्लोवाली. सकाळी थंड असताना आयडलिंगला थरथरायची, पिकअप मात्र उत्तम. मी तेव्हा गावाला होतो, मुलाने ती एका गॅरेजला दाखवली. त्यांनी सेन्सर बदलला, कोड उडवला, लाइट गेली. बाराव्या दिवशी लाइट परत आली. नवाकोरा सेन्सरही जुन्याचंच म्हणणं मांडत होता, पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

कोड उडवला की काय होतं हे गाडीमालकांनी नीट समजून घ्यावं. ईसीयूची लॉन्ग टर्म ट्रिम शून्यावर जाते, म्हणजे त्याने शिकलेलं सगळं पुसलं जातं. त्याला ते पुन्हा शिकायला वेळ लागतो, शिवाय बहुतेक गाड्यांत हा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय लाइट लागत नाही. त्या मधल्या शांततेला दुरुस्ती समजू नका. त्याहून वाईट म्हणजे कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं, गाडी उभी होती की धावत होती, ट्रिम किती होती, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. हा घटनास्थळाचा पंचनामा आहे. तो वाचण्याआधी फाडून टाकणाऱ्याला तपास कसा लागणार?

या वेळी मी तो वाचला. गाडी उभी, ७१० आरपीएम, पाणी ८४ अंशांवर. म्हणजे गरम इंजिन, आयडलिंग. मग चालू आकडे घेतले: आयडलिंगला लॉन्ग टर्म अधिक २१, शॉर्ट टर्म अधिक ६, बेरीज २७. ॲक्सिलरेटर दाबून २५०० वर धरलं, बेरीज उतरून १३ झाली.

या दोन आकड्यांतच अर्धं निदान आहे. फटीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण २५०० ला इंजिन मोजून घेत असलेली हवा आयडलिंगच्या तिप्पट-चौपट झालेली असते, म्हणून चोरट्या हवेचा वाटा घटतो. मास एअर फ्लोची तार मळली असती किंवा पेट्रोल पंप थकला असता तर उलटं झालं असतं: आयडलिंगला बरं आणि घाटात, जोर मागितल्यावर ट्रिम चढती. इंजेक्टर तुंबले असते तर ती सगळीकडे वर राहिली असती. वेगाबरोबर आकडा खाली आला की आधी फट शोधायची. त्याला रुपया लागत नाही.

मग एकेक पाइप. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप चिमट्यात हलकेच दाबला: ट्रिम जागची हलली नाही. हा पाइप मी नेहमी पहिला पाहतो. बूस्टरचा पडदा फाटला असेल तर प्रश्न मायलेजचा राहत नाही, ब्रेकचा होतो, आणि तिथे सेन्सर बदलून गाडी घाटात पाठवणाऱ्याने कुणाच्या तरी जिवाशी खेळ केलेला असतो. पुढे पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह: पाइप काढून बोट लावलं, गरम आयडलिंगला ओढ नाही, म्हणजे तो नीट मिटतो आहे. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या रबरी बेलोच्या घड्या ताणून पाहिल्या. तिथली चीर इंजिन थंड, स्तब्ध असताना मिटलेली असते आणि जोर लागून इंजिन कलंडलं की उघडते. सगळ्या घड्या धड होत्या.

मग पीसीव्हीचा, म्हणजे क्रँककेसमधल्या वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारा, पाइप मॅनिफोल्डपाशी दाबला. दोन-तीन सेकंदांत शॉर्ट टर्म अधिक ६ वरून उणे १४ वर आली. चांगल्या पीसीव्हीचा पाइप दाबला तर ट्रिम फारशी हलत नाही, कारण त्यातून जाणारी हवा आधी मोजलेलीच असते. इथे वीस टक्के एका झटक्यात गेले. पाइप वरून पाहिला तर काळाभोर, तुकतुकीत, अगदी नवा वाटावा असा. काढून उलटा केला. मॅनिफोल्डखालच्या वळणावर रबर तेल पिऊन फुगलं होतं, दाबलं की पिकल्या चिकूसारखं दबत होतं, आणि वळणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी चीर. चाळीस मिनिटं लागली.

नाना पेठेत मीटरवर कापून मिळणारा कुठलाही पाइप इथे चालत नाही, हेही सांगून ठेवतो. पाण्याचा पाइप तेलाच्या वाफेने सहा महिन्यांत मऊ होतो, आणि सरळ पाइप वाकवून बसवला तर ओढीने चपटा होऊन वाटच बुजते. तेल सोसणारा, त्याच वळणाचा पाइप घ्यावा. मला तो ब्रेकच्या पॅडपेक्षा स्वस्त मिळाला.

नवा पाइप घालून चार दिवस चालवल्यावर आयडलिंगला बेरीज अधिक ७. २५०० ला अधिक ७. दोन्हीकडे सारखी.

आता इथेनॉल. ते उरलेले सात टक्के त्याचेच आहेत, आणि गॅरेजमालकांचं म्हणणं इथपर्यंत मला मान्य आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला किलोमागे साधारण साडेतेरा किलोच हवा लागते. माझी गाडी निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने आखलेली असेल तर तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागणार. ईसीयू ते निमूट देतो. जुन्या रबराला आणि इंधनाच्या पाइपांना इथेनॉल मानवत नाही, हीसुद्धा खरी चिंता आहे, मालकांनी ते तपासत राहावं.

पण इथेनॉलचा हा भार आयडलिंगपासून हमरस्त्यापर्यंत सगळीकडे सारखा पडतो. तो एका ठिकाणी सत्तावीस आणि दुसऱ्या ठिकाणी तेरा होत नाही. पंपावरचं पेट्रोल सगळ्यांना तेच मिळतं. मग शेजारच्या तशाच गाडीची लाइट का लागत नाही? इथेनॉलने झालंय ते इतकंच की जुन्या गाडीच्या हातातली सात टक्के सवड आधीच खर्ची पडली आहे. पूर्वी पंधरा टक्क्यांची गळती मुकाट सोसली जायची, आता ती लाइट लावते. म्हणजे गळती शोधण्याची गरज वाढली. ‘इलाज नाही’ म्हणणारे नेमका उलटा निष्कर्ष काढतात, आणि त्यापायी पुढची दहा वर्षं धावू शकणाऱ्या गाड्या कवडीमोलाने जातात.

सीएनजीचं तर त्यांच्या बोलण्यात नावच नव्हतं, आणि महाराष्ट्रात हे सोडून चालणार नाही. किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून निपल बसवतात, दाबाचा एक पाइप जोडतात. किट काढलं की ती भोकं कुठे बोल्टने, कुठे नुसत्या एम-सीलने बुजवलेली मी पाहिली आहेत. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते तडकतं. शिवाय किट नीट लावलेलं नसलं तर गॅसवर शिकलेली चुकीची ट्रिम पेट्रोलवरही चालू राहते. जुनी गाडी विकत घेतलेल्याला आधी किट होतं हे माहीतही नसतं. मॅनिफोल्डवरून हात फिरवला तर कळतं.

‘सगळं तपासूनही काही सापडत नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: गाडी कधी तपासली? अमेरिकेत फोर्डच्या ४ लिटर व्ही-६ एक्सप्लोररमध्ये इनटेक मॅनिफोल्डची रबरी सीलं जुनी झाली की थंडीत आकसून हवा ओढतात आणि इंजिन तापलं की पुन्हा चपखल बसतात. पी ०१७१ आणि पी ०१७४ दोन्ही पडतात, दुपारी गरम गाडीवर काही सापडत नाही. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण रबराचा धर्म तोच. पहाटे थंड असताना थरथरणारी गाडी मालक ऑफिसला जाता जाता गरम करून गॅरेजात सोडतो, आणि दोष पहाटेपुरताच असतो. तिला रात्री मुक्कामाला ठेवून घ्यावं लागतं.

साधनांबद्दलही बोलतो, कारण त्यात पोरांना इजा होते. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का पाहण्याची पद्धत सर्रास चालते. तापलेल्या एक्झॉस्टवर तो उडाला की भडका होतो. त्यापेक्षा धुराचं यंत्र वापरा: इंजिन बंद, वाट बंद, अगदी हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि बॅटरी घेऊन बघत बसायचं. जिथे फट, तिथून पांढरा दोरा निघतो. आणि व्हॅक्यूम गेज वापरत असाल तर पुस्तकातले १८ ते २० इंच समुद्रसपाटीचे आहेत हे विसरू नका. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. पुणं साडेपाचशे मीटरच्या वर आहे. १७ इंच पाहून चांगलं इंजिन खोलायला निघालेला एक विद्यार्थी मी वेळेवर थांबवला आहे.

आता गॅरेजमालकांचा सर्वांत बळकट मुद्दा, ज्यावर मला तिथे उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, “सर, तुमची चाळीस मिनिटं कोण देणार? गिऱ्हाईक पार्टचे सात हजार देतं, पण ‘शोधायचे पाचशे’ म्हटलं की तोंड वाकडं करतं. दोनशेचा पाइप टाकून मी बिल किती लावू?”

हे खरं आहे, आणि याला आपण गाडीमालक जबाबदार आहोत. डब्यात गुंडाळलेला नवा पार्ट हातात दिसला की आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. माणसाने डोकं लावलं, कान लावला, हात काळे केले, त्याचे पैसे द्यायला आपल्याला जड जातं. डॉक्टरांकडे औषध न घेता तपासणी फी देऊन येणारे आपण मिस्त्रीला मात्र म्हणतो, “केलं काय तुम्ही, नुसतं बघितलंत!” या वागण्यानेच आपण चांगल्या कारागिराला पार्ट विकणारा दुकानदार बनवलं.

पण म्हणून तुमची पद्धत बरोबर ठरत नाही. माझ्या गाडीपायी एका गॅरेजचा रॅम्प आधी सेन्सर बदलायला अडला, मग लाइट परत आली म्हणून दुसऱ्यांदा अडला, आणि मुलगा भांडायला गेला तेव्हा तिसऱ्यांदा. त्या तीन खेपांचे पैसे त्यांना कुणी दिले? एक गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. तपासणीचे पैसे आधी सांगा, जॉब कार्डावर स्वतंत्र ओळीत लिहा, आणि त्याच कार्डावर कामाच्या आधीचे व नंतरचे ट्रिमचे आकडे लिहून द्या, आयडलिंगचा एक, २५०० चा एक. चार आकडे. ते पाहून गिऱ्हाइकाला कळेल की पैसे कशाचे दिले. तुमच्याकडच्या शिकाऊ पोरालाही कळेल की काम झालं हे लाइटवरून नव्हे, आकड्यांवरून ठरतं. तपासणीचे पाचशे मागणारा मिस्त्री भेटला तर मालकांनी घासाघीस न करता द्यावेत, आणि सेन्सर बदलायला सांगणाऱ्याला विचारावं: आयडलिंगला ट्रिम किती होती?

माझ्या गाडीतून काढलेला जुना सेन्सर मुलाने मागून आणला होता. परवा तो व्हाइसमध्ये धरला, तारांना मल्टीमीटर लावला आणि टोकावर गॅसच्या बर्नरची ज्योत धरली. तापायला मिनिटभर गेला, मग काटा ०.८ च्या वर चढला. ज्योत बाजूला घेतली, खाली आला. पुन्हा धरली, पुन्हा चढला. दहा-बारा वेळा केलं, दर वेळी तेच. तो सेन्सर आणि तो चिरलेला पाइप मी एकाच पिशवीत ठेवले आहेत. पौडला पुढची भेट ठरली की बर्नरसकट घेऊन येतो. गॅरेजमालकांनी मल्टीमीटर आपला आणावा.